एकतीस बैलांचे दात

वऱ्हाडातून परत आलो त्याला आता दीड महिना झाला. शिरूरच्या आमच्या आळीत जो भेटतो तो एकच विचारतो, "तिकडे म्हणे बैलांच्या शिंगांना चांदी मढवतात, खरं का?" खरे आहे, मी डोळ्यांनी पाहिली. अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना आपला कापूस हवासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याची किंमत आली, हेही खरे. हे सगळे माझे दहा वेळा सांगून झाले. जे कुणी विचारत नाही ते सांगायला मात्र तोंड उघडत नाही, म्हणून लिहून काढतो. वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या मुलखात गेला नसेल, तर वाटेतल्या चार गोष्टीही त्याला कळतील.

मी रामजी, इथल्या रिसाल्यातला सालोत्री, म्हणजे जनावरांचा वैद्य. माझ्यावर एक गोरा साहेब आहे. तो पलटणीचा जनावरांचा डॉक्टर, आणि मी पाच वर्षे त्याच्या हाताखाली. गेल्या हिवाळ्यात उत्तरेकडे डोंगरात लढाई उभी राहिली, तेव्हा वऱ्हाडात एलिचपूरच्या छावणीतले तोफा ओढणारे बैल तिकडे गेले. तिथला सालोत्री आजारी होता. तेव्हा साहेबाने आणि मी जाऊन चाळीस बैल खरेदी करावेत आणि छावणीत पोचते करावेत, असा हुकूम झाला. आता घोडा मला कळतो. बैल कळतो तो लहानपणी घरी होता म्हणून, एवढाच. निघायच्या दिवशी मी औषधांची पेटी तीनदा भरली आणि तीनदा उपसली. बायको म्हणाली, "तुम्हाला काळजी करायला कारण लागतं कुठे? ते बिचारे बैल तर नुसतं निमित्त."

अकोला

नगर, जालना, मेहकर ही वाट पुष्कळांनी पाहिलेली आहे, ती सोडून देतो. अकोल्याच्या अलीकडे दोन कोसांवर एक नवल दिसले. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागला होता. कापसाच्या गाड्या इतक्या दाटीने जात होत्या की काट्यांनी ओरबाडून घेतलेला कापूस फांद्याफांद्यांवर पांढरा लोंबत होता, आणि तो वेचायलाही कुणाला सवड नव्हती. आमच्याकडे बाभळीवर एवढा कापूस दिसला असता तर अर्धे गाव टोपल्या घेऊन धावले असते.

बाजारात मी एका दुकानापुढे उभा राहिलो, तर दुकानदार बसल्या जागेवरून म्हणाला, "काहून उभा राह्यला? काय पाह्यजे तुले?" माझ्या डोक्यात सणक गेली. पलटणीचा पोशाख अंगावर, वय चाळिशीचे, आणि हा मला अरेतुरे करतो. तेवढ्यात त्याच माणसाने घोंगडी अंथरली, गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि म्हणाला, "बस बाप्पा, उनातून आला नं." मग घरातून भाकरी आणवली. ज्वारीची, सुपाएवढी मोठी आणि पातळ, वर तिखटाचा गोळा आणि त्यावर धार धरून ओतलेले तेल. आम्ही बाजरी खाणारी माणसे. चौथ्या घासाला माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आले, तेव्हा तो म्हणाला, "पुन्याकडची मानसं तिखटाले भेतात काय?" वऱ्हाडात बोलण्यात मध नसतो, तो ताटात असतो, हे मला पहिल्याच दिवशी कळले.

साहेब मात्र तंबूत दुखरा गुडघा शेकत बसला होता. तो गुडघा रशियाच्या लढाईतला. त्याची हकीकत पुढे येईल.

अमरावती

अमरावतीला दगडी परकोट आहे. वेशींतून आत शिरताना गाड्यांची अशी कोंडी होती की आम्ही सकाळचे निघालेले दुपारी आत पोचलो. कापसाच्या राशी घरांच्या वर गेलेल्या. माणसांच्या भुवयांवर, मिशांवर, जेवणाच्या पत्रावळीवर कापसाचे तंतू. आणि चांदीच्या शेंब्या घातलेली शिंगे ती इथेच.

पण ज्याच्यासाठी आलो ते बैल मिळेनात. ज्याच्याकडे बैल तो गाडीला जुंपून कापूस वाहणार, विकेल कशाला? चार दिवसांत आम्ही सव्वीस जमवले, पाचव्या दिवशी तेरा. एक हवा होता. बैलबाजारात सौदा कसा होतो ते आपल्याकडेही ठाऊक आहे: हातांवर पंचा टाकायचा आणि खाली बोटे दाबून भाव सांगायचा. त्याआधी घेणारा दात पाहतो. डाव्या हाताने नाकपुड्या धरायच्या, उजवा हात बगलेने तोंडात घालून जीभ बाजूला सारायची, आणि पुढचे दात मोजायचे. त्यावरून वय कळते: दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही दात पुरे झालेला तो जुळलेला. हे काम माझ्याकडे होते. त्या पाच दिवसांत दीडशे तोंडांत तरी हात गेला असेल. एक झाला की हात धोतराला पुसायचा आणि दुसरा. सगळा बाजार तसेच करतो.

चाळिसावा बैल तांबडा होता. अंगाने भरलेला, चार दाती. पण निरोगी बैलाच्या नाकपुडीवर सदा दव असते, याची कोरडी होती, आणि डोळ्यांखाली ओघळ वाळलेले होते. मी थबकलो. व्यापारी म्हणाला, "धूळ हाय नं बाप्पा! आठ दिवस झाले, समदा बाजार धूळ खाऊन राह्यला. तुह्या डोयातून नाई येत काय पानी?"

येत होते. साहेब मागून म्हणाला, "ठीक, सालोत्री?" त्याचा गुडघा ठणकत होता आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी निघायचे होते. मी म्हणालो, "ठीक, हुजूर." या दोन शब्दांची किंमत पुढे दुसऱ्यांनी दिली.

रिद्धपूरच्या वाटेवर

एलिचपूरचा सरळ रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरलेला, म्हणून आम्ही रिद्धपूरकडून आडवाटेने निघालो. चाळीस बैल, ते हाकणारे चार हाके, साहेब घोड्यावर, मी तट्टावर. सकाळी थंडी अशी की लगाम धरवेना. दोन्ही बाजूंना तुरीची शेते, त्यांच्या शेंगांचा खळखळाट, मध्ये वेचणीला आलेला कापूस, आणि जमीन एवढी काळी की पायाखालचे ढेकूळ उचलून पाहावेसे वाटे. आमच्या शिरूरच्या माळावरचा माणूस ती माती पाहून गप्पच होतो.

साहेब एरवी बोलत नाही. पण सावकाश चालणाऱ्या बैलांमागे माणसाला दुसरे काम नसते. तो मोडक्या हिंदुस्थानीत बोलायचा, मी ते मराठीत मांडतो. बाप नालबंद. गाव थंड, डोंगराळ. लहानपणी भट्टीचा भाता ओढला, मग शाळा, मग जनावरांचे वैद्यक शिकून फौजेत. वयाच्या तेविसाव्या वर्षी रशियाच्या लढाईवर गेला.

"मला वाटलं होतं, मी जखमा शिवीन," तो म्हणाला. "गोळी लागलेला घोडा माझ्याकडे फारसा आलाच नाही. चारा बंदरावर पडलेला, घोडे टेकडीवर, आणि मध्ये गुडघाभर चिखल. घोडे भुकेने एकमेकांच्या शेपट्या खात. रोज सकाळी मी पिस्तुल घेऊन रांगेतून चालायचो. त्या चिखलात एक घोडा पडला तो माझ्या पायावर."

मग सत्तावन्न साली त्याला इकडे पाठवले. नर्मदेपलीकडच्या धावपळीत तो होता, आणि तिथून आला तो आमच्या रिसाल्यात. आल्या आल्या त्याने नियम काढला होता: प्रत्येक घोड्याचा तोबरा वेगळा, बादली वेगळी, अंग पुसायचे फडके वेगळे. एकाने दुसऱ्याच्या बादलीत घोड्याला पाणी पाजले, तर साहेबाने सगळ्या रिसाल्यासमोर ती बादली कुऱ्हाडीने फोडली आणि त्या माणसाला घरी पाठवले. आम्ही मागून हसायचो. म्हणायचो, सोवळ्यात भटजींवर ताण केली. त्या घोड्यांच्या नियमाचा बैलांशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आले नाही, आणि साहेबाच्याही आले नाही. बाजार म्हणजे बाजार, तिथे हात पुसतात, धूत नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी तांबड्या बैलाच्या तोंडातून लाळ गळू लागली. मी तोंड उघडले. हिरड्यांवर कोंडा भुरभुरावा तसे पांढरे काहीतरी. मी पुन्हा पाहिले. पण मी स्वतःला सांगितले, लाळ-खुरकूत असेल. हिवाळ्यात येतेच ती, आठ दिवसांत जाते. तिच्यात खुरेही दुखतात आणि हा लंगडत नव्हता, हे मला दिसत होते. दिसूनही मी ते पाहिले नाही. तुरटीच्या पाण्याने त्याचे तोंड आतून धुतले, बोटे फिरवून चांगले चोळून. मग हात धोतराला पुसला.

आमराईतला मुक्काम

रिद्धपूरच्या अलीकडच्या त्या गावाचे नाव मी लिहीत नाही. आधीच त्याला पुष्कळ सोसावे लागले.

संध्याकाळी ऊन असतानाच आम्ही गावाबाहेरच्या आमराईत उतरलो. आमराई गिरजाबाईची. पन्नाशीची कुणबी बाई, अंगाने काटक. नवरा दम्याने खाटेला खिळलेला, तेव्हा शेत, गडी, बैल, सगळे तीच पाहायची. पलटणीची माणसे आली म्हणून तिने न विचारता रोडग्यांचा बेत मांडला. कणकेचे मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप, आणि शेजारी काळ्या मसाल्याची वांग्याची भाजी. साहेबाने पहिला रोडगा तसाच उचलला आणि बोटे भाजून घेतली. गिरजाबाई म्हणाली, "सायेबाले सांग, घाई करू नको म्हना. रोडगा पयून नाई जात." मी सांगितले. पाच वर्षांत साहेबाला मोठ्याने हसताना मी तेव्हाच पाहिले.

जेवणे होईतो गावकरी जमले. पाटील म्हणाला, "पलटनीचा सालोत्री हाय म्हने. माह्या बैलाचे दात पाह्य बरं. हा शेजारी म्हन्ते, जुयला हाय." मी पाहिले. सहा दाती निघाला. पाटलाने मांडीवर थाप मारली, शेजारी हिरमुसला, आणि मग घराघरांतून बैल सुटले. मी बाह्या वर करून उभा. दोन दाती, जुळलेला, चार दाती. कुणाची पैज लागलेली, कुणाला व्यापाऱ्याने फसवले का ते पाहायचे. मी हात घालीन तिथे लोक वाकून बघत होते आणि माझा शब्द झेलत होते. घोड्यांच्या पागेत असा मान मला कधी मिळाला नव्हता. खरे सांगायचे तर मला चढली होती.

गिरजाबाई मात्र आंब्याच्या खोडाला टेकून उभी होती. तिच्या दावणीला दोन बैल होते, सरदार आणि हरण्या. सरदारला एका गड्याने पुढे आणला. हरण्याला तिने हलू दिले नाही. "त्याचे दात मले ठावे हायेत," ती म्हणाली. "माह्याच गोठ्यात जनमला तो. त्याची माय बाळंतपनात मेली. म्या त्याले बोटानं दूध पाजलं."

तेवढ्यावर थांबायला हवे होते. पण तीस बैल झाले होते आणि मी रंगात आलो होतो. म्हणालो, "बाई, भीता की काय? हरण्या म्हातारा निघेल म्हणून?"

लोक हसले. तिचे तोंड लाल झाले. तिने स्वतः हरण्याचे दावे सोडले आणि त्याला माझ्यापुढे उभा केला. मी हात घातला. सहा दाती. हात बाहेर काढताना त्याने माझे मनगट चाटले, खडबडीत, गरम जिभेने. "मंग?" गिरजाबाई म्हणाली. "म्या काय सांगतलं होतं?"

तो एकतिसावा.

चांदूरच्या पुढे

दुसऱ्या दिवशी आम्ही चांदूर गाठले, तिसऱ्या दिवशी सकाळी तांबडा उठला नाही. मागून रक्तमिश्रित पाणी वाहत होते आणि त्याची घाण दहा पावलांवर येत होती. आता स्वतःला फसवायला जागा उरली नव्हती. हाक्यांतल्या एकानेच तो शब्द उच्चारला, "बुळकांडी." बैलांना हिच्याएवढा वाईट रोग दुसरा नाही. गावात शिरली तर दहातला एखादा बैल उरतो.

साहेब वाकून पाहत राहिला, मग त्याने पिस्तुल काढले. घोड्यांवर गोळी झाडलेली मी पुष्कळदा पाहिली होती. बैलावर कधी नाही. हाके तोंडे फिरवून उभे राहिले, मीही फिरवले. आवाज झाला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तांबडा नव्हता, हरण्याची जीभ होती.

उरलेले एकोणचाळीस ओसाड माळावर लांबलांब बांधले. मग मी साहेबापुढे गेलो. पाचावर धारण बसली होती, तरी सगळे सांगितले. बाजारातली कोरडी नाकपुडी, तोंडातला कोंडा, तुरटीचे पाणी आणि आमराईतले एकतीस बैल. साहेबाने विचारले, "हात धुतला होतास?" मी म्हणालो, "नाही."

त्याने पिस्तुल पुन्हा कमरेला लावले. लाथ घालील, घरी पाठवील, यासाठी मी तयार होतो. तो म्हणाला, "नियमाप्रमाणे मी आत्ता छावणीतून सवार घेऊन त्या गावात जायला हवं. तू हात लावलेला प्रत्येक बैल मारायला हवा."

मी त्याचे पाय धरले. त्याने पाय मागे घेतले आणि मला समोर बसायला सांगितले. मग जे सांगितले ते मी त्याच्या तोंडून पुन्हा कधी ऐकले नाही. रशियाच्या लढाईत एक घोडा जहाजातून आजारी उतरला. नाकातून चिकट पू. साहेबाने एका ओल्या फडक्याने त्याचे नाक पुसले आणि त्याच फडक्याने पुढच्याचे, आणि पुढच्याचे. सोळा घोडे त्या रोगाने गेले. कर्नलने विचारले तेव्हा साहेबाने सांगितले, थंडीने मेले. कर्नलने मानले, कारण थंडीने रोजच मरत होते. ज्या स्वारांचे ते घोडे होते ते तशाच थंडीत पायी लढले. त्यांतले काही परत आले नाहीत.

"मी त्यांच्याकडे गेलो नाही," साहेब म्हणाला. "तू जा. त्यांना सांग. बैल एकमेकांपासून तोड. गावातून एकही गाडी बाहेर जाता कामा नये. तुला तीन आठवडे दिले. कुणी आजारी बैल लपवला असं कळलं, तर मी सवार घेऊन येईन."

त्याने माझे कपडे जाळायला लावले, कोपरापर्यंत हात चुन्याच्या पाण्यात धुवायला लावले आणि मग मला सोडले.

पुन्हा आमराईत

तट्टावर बसून गेलो ते कसे गेलो हे मला आठवत नाही. एकच भीती होती: मला पाहून ते खूश होतील. झालेही तसेच. पाटील वेशीवरच म्हणाला, "आले काय? बसा, हुरडा भाजून राह्यलो." मी तट्टावरून उतरलो, पण पुढे गेलो नाही. सगळ्यांना चावडीवर बोलवा म्हणालो.

चावडीवर जे बोललो ते थोडक्यात बोललो. लांबवले असते तर धीर सुटला असता. मग पैज हरलेला तो शेजारी काठी घेऊन उठला आणि पाटलाने त्याला धरले. "सोडा मले," तो म्हणत होता. "यानं हसत हसत इख घातलं आमच्या जनावराच्या तोंडात." त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

गिरजाबाई बायकांमध्ये बसली होती. ती उठून पुढे आली. "कोन्या कोन्या बैलाच्या तोंडात हात घातला, ते सांगता येते काय तुले?"

एवढे एक मला येते. जनावर एकदा पाहिले की विसरत नाही. मी ओळीने सांगितले: पाटलाचा कबरा, शेजाऱ्याचा मोडक्या शिंगाचा, असे करत एकतीस. शेवटचा हरण्या. नाव घेतले तेव्हा ती माझ्याकडे पाहत होती, तेवढ्यापुरते मी खाली पाहिले.

"रडून काय होते?" ती गावाला म्हणाली. "बैल तोडा एकमेकापासून. आजच्या आज."

आणि गावाने ते केले. मी अजून थक्क होतो. घराघरात कापूस कोंबलेला, तिकडे अमरावतीत रोज भाव चढतो आहे, गाड्या भरून उभ्या, आणि त्यांनी जू उतरवून ठेवले. प्रत्येक बैल ज्याच्या त्याच्या शेतात, वेगळ्या झाडाला. प्रत्येकाचे टोपले वेगळे, पाण्याचे मडके वेगळे, आणि चारा घालणारा माणूसही ज्याचा त्याचा. एखादे जनावर मेले तर कातडे न काढता खोल पुरायचे ठरले. ज्यांचा कातड्यावर वतनाचा हक्क होता, त्यांनी तो सोडला आणि खड्डे खणायचे कामही अंगावर घेतले. साहेबाला बादली फोडावी लागली होती. इथे एका बाईच्या शब्दावर काम झाले.

मला कुणी घरात घेतले नाही, आणि घ्यावे असे मलाही वाटत नव्हते. मी चावडीत राहायचो. सकाळी जोत्यावर फडक्यात बांधलेली भाकरी असे. कोण ठेवी ते कुणी सांगत नसे. उजाडले की मी बांधाबांधाने फिरायचो, बैलापासून वीस पावले दूर उभा राहायचो आणि धन्याला विचारायचो: नाकावर दव आहे का? रवंथ करतो का? डोळे? धनी सांगे, मी मान डोलावून पुढच्या झाडाकडे जाई. एकतीस झाडे. एकेका झाडापाशी पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला. बैल नुसता खाली मान घालून उभा दिसला तरी मी धन्याला दोनदा विचारी. चार दिवस सगळ्यांच्या नाकावर दव होते. पाचव्या दिवशी मला वाटले, वाचलो. मी हनुमंताला नारळ बोलूनही टाकला.

सहाव्या दिवशी हरण्याने रवंथ केला नाही.

गिरजाबाईने मला हाक मारली नाही. मी पोचलो तेव्हा ती त्याच्या गळ्याशी बसून होती. "नाक कोरडं हाय," ती म्हणाली. "सकायपासून." पुढचे सहा दिवस ती झाडाखालून उठली नाही. तिथेच भाकरी खायची, तिथेच कण्यांची पेज करून पळीने त्याला पाजायची. मी तांदळाचे पाणी सांगितले, बेलफळाचा गर सांगितला, जे आठवेल ते सांगितले, आणि आत कुठेतरी मला माहीत होते की हे सगळे स्वतःच्या समाधानासाठी आहे. आणखी दोन बैलांना रोग लागला, शेजाऱ्याचा मोडक्या शिंगाचा आणि एक पांढरा. शेजारी काठी घेऊन आला नाही. तो आला आणि माझ्यासारखाच लांब उभा राहिला.

हरण्या बाराव्या दिवशी दुपारी गेला. मोडक्या शिंगाचा त्याच्या आधी गेला होता. पांढरा तरला. अठ्ठावीस बैलांना काही झाले नाही.

त्या संध्याकाळी मी गिरजाबाईसमोर बसलो. म्हणालो, "माय, मी चुकलो."

"व्हय," ती म्हणाली. "चुकला." थोड्या वेळाने म्हणाली, "तू येऊन सांगतलं म्हनून गाव वाचलं, हे बी खरं हाय. पन माहा हरण्या गेला, अन् एका बैलानं गाडी चालत नाई. दोन्ही खरं हाय. तुले बरं वाटावं म्हनून त्यातलं एक मी खोटं नाई करनार."

मी मान हलवली. मग तिने विचारले, "अमरावतीपासून अथी येईपर्यंत तुमचे मुक्काम कोठी कोठी झाले?"

मी दोन गावांची नावे सांगितली.

"त्या तांबड्यानं तथी पानी कशात पेलं?"

गावच्या दगडी हौदांत. चाळीस बैल एका ओळीने, आणि आमच्या मागोमाग गावची जनावरे. मी एकतीस तोंडे मोजत बसलो होतो, कारण त्यांत माझा हात गेला होता. तांबड्याचे तोंड कुठे कुठे गेले ते मी एकदाही मोजले नव्हते. साहेबाला सांगितले नव्हते, कारण मला स्वतःला सुचले नव्हते. माझ्या चेहऱ्यावरून तिला उत्तर कळले असावे.

"आमाले येऊन सांगतलं," ती म्हणाली. "त्यायले कोन सांगन?"

सकाळी निघालो. जोत्यावर त्या दिवशी दोन भाकऱ्या होत्या. पाटलाने पांढऱ्याची आणि बाकीच्या अठ्ठावीसांची काळजी घ्यायचे कबूल केले, आणि साहेबाकडे पाठवायची चिठ्ठी मी त्याच्याकडे दिली. आडवाटेने त्या दोन गावांपैकी जवळचे गाव चार तासांवर. सगळ्या वाटेने मी चावडीवर कसे बोलायचे ते मनात घोकत होतो. पहिले वाक्य कोणते, हात जोडायचे की नाही, कुणी काठी उगारली तर हलायचे नाही. ऊन चढले होते. गाव दिसायच्या आधी मला आभाळात गिधाडे दिसली. वेशीबाहेरच्या ओढ्यात, जिथे मेलेली ढोरे टाकतात, तिथे ती उतरत होती, एक नाही, दोन नाही, थव्याने. तट्टू पुढे जाईना, म्हणून मी उतरून त्याचा लगाम धरला. तिथून मागे फिरलो असतो तर कुणाला कळले नसते, ही गोष्ट माझ्या मनात आली नाही असे मी म्हणणार नाही.

मग गावात शिरलो आणि पहिल्या भेटलेल्या माणसाला पाटलाचे घर विचारले.